सात किलो

मॉरीनकडून काटा मागून आणला, भिंतीपलीकडच्या घरातून,
बॅगेच्या कानाला अडकवून उचलायचा असतो तसला.
आठ किलो शंभर.
म्हणजे अकराशे ग्रॅम मी जास्तीची आहे.

पलंगावर सगळं पुन्हा ओतते.
गोळ्यांचा डबा, सकाळ-दुपार-रात्र अशा खणांचा,
दुबईत कुठली सकाळ धरायची ते कुणी सांगितलेलं नाही.
पायांचे घट्ट मोजे. दुसरा चष्मा. शाल.
एक साडी, मोठी बॅग हरवलीच
तर पुतण्याच्या साखरपुड्यात पँटीवर उभी राहू नये म्हणून.
बडीशेप. फॉर्म भरायला पेन.
तीनशे माणसांत पेनवाली मी एकटीच असते
आणि ते दर वेळी कुणीतरी घेऊन जातं,
म्हणून दोन.

पद्माकर दारातून म्हणतो,
"मोठीत टाक ना सगळं. तेवीस किलो काय कमी आहेत?"
त्याला काय सांगू,
मोठी बॅग पट्ट्यावरून झापडीआड गेली की
तिचं-माझं नातं एका चिठ्ठीपुरतं उरतं.
हरवलं तर विकत मिळेल ते तिच्या पोटात.
नाही मिळणार ते मांडीवर.

रुमाल तीन दिवस वरच्या कपाटात वाळतोय,
गरम पाण्याच्या टाकीशेजारी, टॉवेलांच्या घड्यांवर.
बाहेर वाळत घालायची सोय नाही,
हलमध्ये मार्चचं ऊन म्हणजे
हंबरवरून येणाऱ्या वाऱ्याचं लाडाचं नाव.
पांढरा, सुती, उकळून घेतलेला,
दह्यात बुडवून नुसता निथळवलेला, पिळलेला नाही.
आता पापडासारखा कडक. नाकाशी नेला की आंबूस.

सत्त्याऐंशी साली असाच एक तुकडा
कुरुंदवाडहून इकडे आला होता माझ्या पर्समध्ये,
जावेनं, चंपूताईनं, जुन्या धोतराचा फाडून दिलेला.
"दूध असेल गं तिकडे, विरजण कुठलं असायला?"
पहिल्या रात्री नुसतं पाणी सुटलं.
दुसऱ्या रात्री पातेल्याला पद्माकरची लोकरीची टोपी घातली
आणि सकाळी चमचा उभा राहिला.
फोन परवडायचा नाही तेव्हा.
निळ्या पत्रावर एकच शब्द लिहून पाठवला: लागलं.
बाकी पत्र कोरं.
ते कोरंही तिनं जपून ठेवलंय म्हणे.

आणि परवा बोलता बोलता सहज म्हणाली,
पुरात आठ दिवस शाळेत होतो, घरी आलो
तर फ्रिज आडवा, पातेलं गाळात.
"तेव्हापासून पिशवीचंच आणतो. दहीच असतं ते.
पण कुणाचं असतं, कळत नाही."

मी काही बोलले नाही.
फोन ठेवला आणि दूध तापवायला घेतलं.

शंभर मिलिलिटरचा नियम मला पाठ आहे.
दही पातळ धरायचं की घट्ट, यावर मँचेस्टरला
मागच्या खेपेस एका पोराशी माझं वाजलंही होतं.
डबा गेला. पोरगं "सॉरी, लव्ह" म्हणालं, कचऱ्यात टाकता टाकता.
रुमालाबद्दल मात्र नियमात अवाक्षर नाही.

चपला काढल्या, जाड पुस्तक काढलं. सात.
रुमाल घातला. सात.
काढून पाहिला. सात.
पुन्हा घातला, पासपोर्टाच्या कप्प्यात, चेन ओढली.

रात्री पाण्याला खाली उतरले तर स्वयंपाकघरात दिवा.
फ्रिजवर माझी चिठ्ठी,
दूध कोमट. करंगळी बुडवून दहा मोज.
चटका बसला तर थांब. गार लागलं तर उशीर झाला.
विसरलास तर परत येताना मलाच आणावं लागेल.
एवढ्या वर्षांत त्यानं कधी पातेल्यात डोकावलं नव्हतं.
आता पायजम्यात उभा, बाही वर सारलेली,
करंगळी दुधात, ओठ हलताहेत.
सातवर थांबला.
मागे न वळताच म्हणाला,
"कोमट म्हणजे तुझं कोमट की माझं?"